न दिसणाऱ्या ताऱ्यांची नोंद

सह्याद्रीच्या माथ्याला खेटून, मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेले घोटी हे इगतपुरी तालुक्यातले भाताचे बाजारगाव असून, त्याच्या भोवतालच्या खाचरांतले वर्ष आजही बऱ्याच अंशी नक्षत्रांच्या हिशेबाने चालते. भाजलेल्या राबावर रोहिणीत धूळवाफेची पेरणी, म्हणजे पाऊस पडण्यापूर्वी कोरड्या भुसभुशीत मातीत टाकलेले बी. मृगाच्या सरींनी त्या बियाण्याला फुटलेले कोंब. आर्द्रा आणि पुनर्वसूत चिखलणी व आवणी, म्हणजे वाफ्यातली रोपे उपटून गुडघाभर चिखलात तीन-चार काड्यांच्या चुडीने पुन्हा लावणे. उत्तरा नक्षत्रात पोटरी, हस्तात लोंब्यांची निसवण आणि चित्रा-स्वातीपासून पुढे सोंगणी, असा हा क्रम सर्वसाधारणपणे सांगितला जातो. हळव्या, निमगरव्या आणि गरव्या जातींप्रमाणे त्यात आठ-पंधरा दिवसांचे मागेपुढे होते आणि पावसाने ताण दिला तर सारेच लांबते, तरीही एखाद्या वर्षाचा पाऊस आठवताना तो जूनमध्ये किती पडला यापेक्षा मृगाने साधले की आर्द्रेने, असेच बोलले जाते. पुनर्वसूचा पाऊस हा तरणा आणि पुष्याचा पाऊस हा म्हातारा, ही नावेही याच व्यवहारातली आहेत.

या नक्षत्रांविषयी एक गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवत नाही. पावसाचे म्हणून जे नक्षत्र सांगितले जाते, ते त्या पंधरवड्यात आकाशात दिसतच नाही. ‘मृग लागला’ याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्राच्या विभागात शिरला असा असतो; सूर्य जिथे असतो तिथले तारे त्याच्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात, त्यामुळे दिवसाच्या उजेडात ते पूर्णपणे लोपलेले असतात. हिवाळ्याच्या रात्री व्याधासमोर धावणारे, पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेले जे मृग खेड्यातले लहान मूलही ओळखते, ते 7 किंवा 8 जूनला शोधू गेल्यास कुठेही सापडणार नाही, आणि घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यात, जिथे हंगामात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे पुढचे तीन महिने तर रात्रीचे आकाशच ढगांमागे जाते. म्हणजे ज्या काळात नक्षत्रांची नावे सर्वाधिक वेळा उच्चारली जातात, त्याच काळात ती दिसण्याची शक्यता सर्वांत कमी असते. प्राचीन लोकांनी ताऱ्यांची नोंद कशी केली या प्रश्नाकडे घोटीच्या बांधावरून पाहिले, तर पहिली अचंब्याची बाब हीच ठरते. जे दिसते त्याचे चित्र काढणे तुलनेने सोपे असते. सूर्याच्या तेजामागे या घटकेला कोणता तारा आहे हे खात्रीने सांगता येण्यासाठी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची जागरूक निरीक्षणे हाताशी असावी लागतात.

हे कसे साधले गेले असावे याचा माग जुन्या ग्रंथांतच मिळतो. तैत्तिरीय ब्राह्मणात कर्मासाठी योग्य नक्षत्र कसे ठरवावे हे सांगताना, सूर्य उगवण्याच्या आधी, त्याच्या प्रकाशाने तारे पुसले जाण्यापूर्वी, पूर्वेकडे पाहून निश्चय करावा अशा अर्थाची सूचना आहे. पहाटेच्या संधिप्रकाशात क्षितिजाच्या थोडे वर जो तारा शेवटचा दिसतो, त्याच्या खालच्या बाजूला सूर्य आहे, हे उघड आहे. ताऱ्यांचा क्रम पाठ असेल तर त्यावरून सूर्याचे नक्षत्र मोजून काढता येते. मृगाच्या आरंभी, आकाश निरभ्र असेल तर, घोटीच्या पूर्व क्षितिजावर पहाटे अश्विनी आणि भरणी चांगल्या वर आलेल्या असतात आणि कृत्तिकांचा पुंजका नुकताच सूर्यतेजातून सुटून, जेमतेम ओळखू येईल असा, उजाडण्याच्या कडेवर दिसतो. अशा रीतीने एखादा तारा काही आठवड्यांच्या लोपानंतर पहाटे प्रथम दिसणे यालाच ताऱ्याचा उदय म्हणतात, आणि जगातल्या बहुतेक प्राचीन संस्कृतींच्या ताऱ्यांच्या नोंदी या एकाच घटनेभोवती गुंफलेल्या आहेत. इजिप्तमध्ये व्याधाच्या उदयाची सांगड नाईल नदीच्या पुराशी घातली गेली होती. ग्रीक कवी हेसिअडने इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास शेतकऱ्याला कृत्तिकांच्या उदयाबरोबर कापणीला आणि त्यांच्या अस्ताबरोबर नांगरणीला लागण्यास सांगितले. बाबिलोनियातील ‘मुल-आपिन’ या मातीच्या विटांवर कोरलेल्या संहितेत ताऱ्यांच्या उदयाच्या तारखा तर आहेतच, शिवाय चंद्राच्या मार्गावरच्या तारकासमूहांची यादीही आहे; ती यादी कृत्तिकांपासून सुरू होते, आणि वैदिक वाङ्मयातली नक्षत्रांची जुनी यादीही कृत्तिकांपासूनच सुरू होते. या साम्यावरून कोणी कोणाकडून घेतले हा वाद विद्वानांनी दीर्घकाळ घातला आहे, परंतु दोन्हीकडच्या माणसांना पहाटेच्या आकाशात तोच पुंजका आधी खुणावत होता, एवढे त्यातून नक्कीच दिसते.

चंद्राचा आधार हा दुसरा मार्ग होय. चंद्र ताऱ्यांमधून एक फेरी सुमारे 27 दिवस 8 तासांत पूर्ण करतो, म्हणून त्याच्या वाटेचे 27 भाग, प्रत्येक 13 अंश 20 कलांचा, पाडले गेले. चीनमध्ये अशाच 28 चंद्रस्थानांची पद्धत होती आणि इसवी सनापूर्वी 433 मधील एका सरदाराच्या थडग्यात सापडलेल्या लाखेच्या पेटीवर त्या सर्व 28 स्थानांची नावे लिहिलेली आहेत. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे त्या रात्री चंद्र ज्या ताऱ्याजवळ दिसेल त्याच्यापासून अर्धे वर्तुळ मोजले की सूर्याची जागा मिळते. आपल्या महिन्यांची नावे पौर्णिमेच्या चंद्राच्या नक्षत्रावरून पडली आहेत आणि पावसाची नक्षत्रे सूर्यावरून मोजली जातात. एकाच पंचांगात या दोन्ही खतावण्या शेजारी शेजारी चालतात, एक रात्रीच्या दृश्य आकाशाची आणि दुसरी दिवसाच्या अदृश्य आकाशाची, आणि जाणता पंचांगकर्ता एकीची जमा दुसरीशी ताडून पाहतो.

महाराष्ट्रात या जुन्या नोंदींचा सर्वांत कसून शोध घेतला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. दापोलीजवळच्या मुरुड गावी 1853 साली जन्मलेल्या आणि अवघ्या 45 व्या वर्षी, 1898 मध्ये, निवर्तलेल्या या शिक्षकाने लिहिलेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ 1896 साली प्रसिद्ध झाला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे मात्र ढळतात, असे एक विधान आहे, आणि ते शेकडो वर्षे यज्ञविधीच्या चर्चेत वाचले जात होते. दीक्षितांनी ते आकाशाचा पुरावा म्हणून वाचले. ठीक पूर्वेला तोच तारा उगवतो जो खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या नेमक्या वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळावर असतो, आणि कृत्तिका त्या वर्तुळावर इसवी सनापूर्वी 3000 च्या आसपास होत्या. आज त्याच कृत्तिका कार्तिकातल्या संध्याकाळी घोटीच्या क्षितिजावर उगवतात त्या ठीक पूर्वेच्या सुमारे 26 अंश उत्तरेला. हात पूर्ण लांब करून धरलेल्या मुठीची रुंदी साधारण दहा अंश धरली, तर पूर्वेच्या खुणेपासून अडीच मुठी डावीकडे. ब्राह्मणग्रंथातले वाक्य आणि आजचे आकाश यांत पडलेले हे अडीच मुठींचे अंतर म्हणजे पाच हजार वर्षांची मोजपट्टी होय, आणि ती कोणालाही, कोणत्याही उपकरणाशिवाय, बांधावर उभे राहून लावता येते. दीक्षितांच्या ग्रंथाच्या आधी तीन वर्षे, 1893 मध्ये, लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’ या इंग्रजी ग्रंथात मृगशीर्षातल्या वसंतसंपाताच्या, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होतात त्या वेळच्या सूर्याच्या जागेच्या, आधारे वेदकाळ मांडला होता. त्यांच्या काही व्युत्पत्ती आज टिकणाऱ्या नाहीत, पण यज्ञाच्या कथांमध्ये ऋतूंची नोंद दडलेली असू शकते हा त्यांचा आग्रह पुढच्या संशोधनाला उपयोगी पडला.

ग्रीक आणि चिनी परंपरेशी तुलना करताना भारतीयांनी ताऱ्यांची मोठी सूची केली नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो वस्तुस्थितीला धरूनच आहे. टॉलेमीच्या ग्रंथात एक हजारांहून अधिक ताऱ्यांची स्थाने आहेत; चीनच्या तुनहुआंग गुहांमध्ये सापडलेल्या कागदी नकाशावर तेराशेहून अधिक तारे काढलेले आहेत; समरकंदच्या उलुग बेगने 1437 साली हजारावर तारे नव्याने मोजून घेतले. त्याउलट सूर्यसिद्धान्ताच्या आठव्या अध्यायात प्रत्येक नक्षत्राचा एकेक योगतारा, म्हणजे त्या समूहाचे प्रतिनिधित्व करणारा ठळक तारा, आणि अगस्ती, मृगव्याध, ब्रह्महृदय यांसारखे मोजके आणखी तारे एवढ्यांचेच अंश दिले आहेत. आकाशाचे संपूर्ण चित्र करण्याची ओढ इथे नव्हती, हे मान्य केले पाहिजे, आणि त्यामुळे कितीतरी तारे निनावी राहिले ही खरोखरच मोठी हानी झाली. परंतु जे थोडे तारे निवडले गेले, त्यांच्याकडून काळाचे काम करवून घेण्यात येथील गणितज्ञांनी जो ध्यास घेतला, तो तितकाच मनापासून समजून घेण्यासारखा आहे. अगस्तीचे उदाहरण यासाठी सर्वांत उत्तम, कारण घोटीच्या दक्षिणेकडे त्या ताऱ्याचे नाव जमिनीवरही आहे. घोटीहून बारी, राजूर मार्गे जाणारा रस्ता कळसूबाईच्या, म्हणजे 1646 मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्या पायथ्याजवळून अकोले गावाला पोचतो आणि तिथे प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचे स्थान आहे. आकाशातला अगस्तीही घोटीकरांना त्याच दिशेला, कळसूबाईच्या रांगेवर दिसतो, आणि तो इतका दक्षिणेला आहे की सर्वांत वर चढला तरी क्षितिजापासून सतरा-अठरा अंशांच्या पलीकडे जात नाही.

हा तारा वर्षातून काही महिने सूर्यतेजात लोपतो, आणि तो लोपकाळ किती हे पाहणाऱ्याच्या गावावर अवलंबून असते. उत्तरेकडे जावे तसतसा तो वाढतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत अगस्तीच्या उदयावर स्वतंत्र अध्याय लिहून हा उदय त्या त्या देशाप्रमाणे गणिताने काढावा असे म्हटले. त्यानंतर सुमारे एक हजार वर्षांनी, शके 1442 म्हणजे इसवी सन 1520 मध्ये, कोकणातल्या मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगाव येथील गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. त्रिज्या-ज्यांची किचकट कोष्टके टाळून साध्या बेरीज-वजाबाकीने आणि गुणाकार-भागाकाराने ग्रह काढण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे पुढची जवळजवळ चार शतके महाराष्ट्रातली पंचांगे त्याच ग्रंथावर होत राहिली. त्यात अगस्तीसाठी एक अत्यंत सुटसुटीत रीत दिली आहे. गावाची पलभा घ्यावी, म्हणजे दिवस-रात्र समान असलेल्या दिवशी भर दुपारी बारा अंगुळे उंचीच्या शंकूची, अर्थात उभ्या काठीची, जितकी अंगुळे सावली पडते ती. तिला आठाने गुणावे. तो गुणाकार 98 मध्ये मिळवला की अगस्ती उगवताना सूर्य किती अंशांवर असतो ते मिळते, आणि 78 मधून वजा केला की अगस्ती मावळताना सूर्य कुठे असतो ते मिळते.

ही रीत घोटीला लावून पाहण्यासारखी आहे. घोटीचे अक्षांश सुमारे 19 अंश 43 कला, त्यामुळे पलभा सुमारे 4.3 अंगुळे येते. आठपट केल्यास सुमारे 34. म्हणजे सूर्य 44 अंशांवर, रोहिणी नक्षत्रात, असताना अगस्ती संध्याकाळच्या आकाशातून नाहीसा होतो, आणि सूर्य 132 अंशांवर, मघा नक्षत्राच्या अखेरीस, आला की पहाटे पुन्हा दिसू लागतो. धूळवाफेची पेरणी होते तेव्हा अगस्ती जातो आणि पावसाचा जोर ओसरू लागतो तेव्हा परत येतो. गावाच्या एका काठीच्या सावलीवरून काढलेल्या या दोन आकड्यांच्या आत घोटीच्या पावसाळ्याचा मोठा भाग बसतो. अगस्ती उगवला की पाणी निवळते, या जुन्या समजुतीमागे याच मेळाचा अनुभव असला पाहिजे. आजच्या प्रत्यक्ष आकाशात मात्र अगस्ती या गणितापेक्षा सुमारे दोन आठवडे आधी मावळतो आणि तितकाच आधी उगवतो, कारण गणेश दैवज्ञांनी घेतलेले मूळ अंक त्यांच्याही पूर्वीच्या काळातल्या ताऱ्याच्या जागेचे होते आणि तेव्हापासून आकाश आणखी सरकले आहे.

हे सरकणे हाच या साऱ्या नोंदींचा गाभा आहे. पृथ्वीचा आस अत्यंत सावकाश, सुमारे 26 हजार वर्षांत एक फेरी या गतीने, डोलतो, आणि त्यामुळे ऋतूंचा बिंदू ताऱ्यांमधून मागे मागे जातो. याला संपातचलन म्हणतात आणि जुन्या संपातापासून नवा संपात किती अंश हटला त्या अंतराला अयनांश. ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते, म्हणून नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानाने साधारण 71 वर्षांत एक दिवस पुढे ढकलल्या जातात. वेदांग ज्योतिषाच्या काळी दक्षिणायन, म्हणजे सूर्याचे दक्षिणेकडे वळणे, आश्लेषाच्या मध्यावर होत असे. त्या हिशेबाने त्या काळचा मृग आजच्या एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पडत असला पाहिजे, म्हणजे कडक उन्हाळ्यात. वराहमिहिराच्या काळी दक्षिणायन कर्केच्या आरंभी, पुनर्वसूत आले होते आणि मृग मेच्या मध्यावर. देवगिरीच्या यादवांच्या काळात तो मेच्या अखेरच्या आठवड्यात सरकला, आणि आता 8 जूनच्या सुमारास, कोकणातून मान्सून वर चढण्याच्या वेळेवर, येऊन ठेपला आहे. दक्षिणायन तर आर्द्रेच्या उंबरठ्यावर होते. मृग आणि पहिला पाऊस हे समीकरण महाराष्ट्राच्या मातीइतके जुने आहे असे मानण्याची सवय असली, तरी आकाशाचे गणित सांगते की ते आजच्या इतके चपखल झाले आहे ते गेल्या काही शतकांत, आणि आणखी हजार वर्षांनी ते समीकरण मोडून पहिला पाऊस रोहिणीच्या वाट्याला जाईल. याचा अर्थ शेतकऱ्यांच्या कुठल्या तरी पिढ्यांनी, ग्रंथ न वाचता, आपल्या पेरणीची नक्षत्रे बदलली. या बदलाचा एकही शिलालेख नाही, आणि तरीही ताऱ्यांच्या नोंदीत झालेली ती सर्वांत मोठी दुरुस्ती असावी.

ग्रंथकारांपैकी ज्यांनी हा बदल डोळ्यांनी पाहून मान्य केला, त्यांत वराहमिहिराचे नाव आदराने घ्यायला हवे. जुन्या शास्त्रात सांगितलेली अयनाची जागा आता तशी राहिलेली नाही, आणि फरक आहे की नाही हे प्रत्यक्ष परीक्षणाने, सूर्योदयाच्या वा सूर्यास्ताच्या वेळी दूरच्या खुणेवर नजर लावून किंवा शंकूच्या सावलीवरून, ठरवावे, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे. दूरची खूण म्हणून घोटीला डोंगरांची ददात नाही. त्यांच्या धारदार कडांवर सूर्य कोणत्या दिवशी कुठून सरकतो हे एकाच अंगणातून वर्षभर पाहणाऱ्याला अयनाचा दिवस दोन-तीन दिवसांच्या फरकाने काढता येतो. ज्या परंपरेत वचन आणि वेध यांत विरोध आला तर वेध घ्यावा असे सांगणारा माणूस होऊन गेला, तिच्या अनुयायांनी पुढे शतकानुशतके वचनच कवटाळावे, ही खंत करण्यासारखी गोष्ट आहे.

पावसाच्या नक्षत्रांना जोडलेली वाहनेही याच संदर्भात पाहावी लागतात. सूर्याने नवे नक्षत्र घेतले की त्या वेळच्या सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, आलेल्या संख्येला नवाने भागून, उरलेल्या बाकीवरून हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस किंवा गाढव यांपैकी वाहन ठरते, आणि बेडूक, म्हैस वा हत्ती आला तर पाऊस चांगला असे मानतात. पाऊस मोजण्याच्या दृष्टीने या भाकिताला काही आधार नाही, आणि बियाण्याचा पैसा त्यावर लावणे कोणत्याही शेतकऱ्याला परवडणारे नाही; हवामान खात्याचा अंदाज चुकला तरी तो कशावरून दिला हे तपासता येते, वाहनाचे तसे नाही. त्यामागचे गणित मात्र, सूर्य आणि चंद्र या दोघांची ताऱ्यांमधली जागा एकाच क्षणी ठाऊक असल्याखेरीज करता येत नाही, आणि ते ज्ञान खरे आहे. खऱ्या निरीक्षणावर चढलेली ही भाकिताची पुटे सोलून काढण्याचे काम अजून पुरते झालेले नाही.

नाशिक परिसरात आकाशाची आणखी एक नोंद चालू आहे, ती गुरूची. गुरू सिंह राशीत आला की त्र्यंबकेश्वर आणि नाशिकला सिंहस्थ भरतो. घोटीजवळच्या कावनई येथील कपिलधारा तीर्थ हे या कुंभाचे मूळ स्थान, अशी स्थानिक श्रद्धा आहे. गुरूची ताऱ्यांमधली फेरी 11.86 वर्षांची, बारा वर्षांपेक्षा किंचित कमी, म्हणून बारा-बारा वर्षांच्या अंतरांत केव्हा तरी एक अंतर अकरा वर्षांचे घ्यावेच लागते, नाहीतर पर्वणी आणि ग्रह यांची फारकत होईल. लाखो माणसांची गर्दी एका ग्रहाच्या जागेनुसार हलते, आणि त्या गर्दीतले फार थोडे तो ग्रह ओळखतात. 2003 आणि 2015 च्या सिंहस्थात तो त्यांना दाखवण्याचा प्रयत्न मोठ्या प्रमाणावर व्हायला हवा होता. 2026–28 च्या पर्वात रामकुंडाच्या काठी दुर्बीण लावून गुरू आणि त्याचे चार मोठे चंद्र भाविकांना दाखवले गेले, तर ती त्या पर्वणीला साजेशी सेवा ठरेल.

ज्ञानाची ही परंपरा कशावर पोसली गेली याचा एक शिलालेख सुदैवाने शिल्लक आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ, 1150 साली पूर्ण झालेल्या सिद्धान्तशिरोमणीसह, शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, आणि तेराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या लेखात मठाला दिलेल्या दानांची नोंद आहे. लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत बाजारातल्या खरेदी-विक्रीतून मठाला मिळायच्या हिश्श्याचा तपशील येतो. ग्रहगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे पोट गिऱ्हाइकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मापातून भरत होते. भाताच्या गिरण्यांवर जगणाऱ्या घोटीसारख्या गावाला ही व्यवस्था परकी वाटू नये.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या पंचांगांची दुरुस्ती सुरू झाली तेव्हा वाद आला तो एका ताऱ्यावरच. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये नव्या पाश्चात्त्य गणितावर आधारलेली ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली आणि जुन्या पंचांगांतली ग्रहणे व ग्रहयुती आकाशाशी जुळत नाहीत हे उघड झाले. ग्रहांच्या गती सुधारणे सर्वांना मान्य होण्यासारखे होते. परंतु राशिचक्राचा आरंभ, म्हणजे जिथून अश्विनीचा पहिला अंश मोजायचा तो बिंदू, आकाशात नेमका कुठे आहे? छत्रे आणि लोकमान्य टिळक यांच्या पक्षाने तो रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यावर धरला. तो तारा इतका मंद आहे की चांगल्या अंधारातही तो शोधायला तयारीची नजर लागते. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ठळक, निःसंदिग्ध अशी चित्रा घेऊन तिच्या समोरचा, 180 अंशांवरचा बिंदू आरंभ म्हणून स्वीकारावा असे प्रतिपादन केले. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो, त्यामुळे टिळक पंचांगातला मृग इतर पंचांगांतल्या मृगापेक्षा सुमारे चार दिवस आधी लागतो. पुढे केंद्र सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने 21 मार्च 1956 साठी 23 अंश 15 कला हा अयनांश ठरवला, तोही चित्रेला धरूनच, आणि आज घोटीच्या दुकानांत टांगलेल्या बहुतेक दिनदर्शिकांमध्ये 8 जूनच्या आसपास मृग छापलेला असतो तो या निवडीमुळे.

या निवडीत केतकरांची बाजू अधिक सबळ वाटते, आणि तिचे कारण गणितापेक्षा व्यवहारात आहे. जो तारा सामान्य माणसाला सहज दाखवता येत नाही, त्याच्यावर सर्वांचे वर्ष टांगणे योग्य नाही. रेवतीतला तो मंद तारा हायवेवरच्या हॉटेलांच्या आणि आता समृद्धी महामार्गाच्या दिव्यांनी घोटीच्या आकाशातून पुसला जाऊ शकतो. चित्रा तशी पुसली जात नाही. ती तपासून पाहायची असेल तर 25 मेच्या सुमारास, रोहिणी लागते त्या दिवसांत, ढग जमण्यापूर्वीची एखादी स्वच्छ रात्र गाठावी: दहाच्या थोडे आधी ती दक्षिणेकडे, जवळजवळ साठ अंश उंचीवर, याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे उत्तर-दक्षिण जोडणाऱ्या मधल्या रेषेवर येते. तिच्या बरोबर समोर, त्या वेळी पायाखाली असलेल्या आकाशात, अश्विनीचा आरंभ आहे. तिथून 40 अंश पुढे मोजले की सूर्य सापडतो, आणि तोच रोहिणीचा पहिला अंश.